कागदातली जमीन मोजणारा माणूस

मोजणीला आलेला सरकारी माणूस बांधावर बसून जेवतो, हे मी त्यांच्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बांधाशेजारी नव्हे, जवळच्या लिंबाखाली नव्हे, अगदी बांधावर. एक पाय इकडच्या रानात, एक पाय तिकडच्या रानात आणि मांडीवर फडक्यात गुंडाळलेली कडक भाकरी, शेंगाची चटणी. दोन्ही बाजूंचे शेतकरी आपापल्या झाडाखाली घोंगडं अंथरून उभे असायचे. "साहेब, सावलीला या की." हे मान हलवायचे. "बेडा, बेडा, नको. ज्याच्या सावलीत बसलो त्याच्याकडं साखळी एक कडी जास्त सरकते. मी पण माणूसच आहे."

चहाचं तर विचारूच नका. वादातल्या एकानं चहा आणला, की ते म्हणायचे, "अर्धा द्या." मग दुसऱ्याकडं बघून, "अर्धा तुम्ही आणा." दुसऱ्याचा येईपर्यंत पहिला अर्धा कप हातात धरून उभे राहायचे. त्यावर साय धरायची. मग दुसऱ्याचा त्यातच ओतून घ्यायचे आणि औषधासारखा पिऊन टाकायचे. एकदा दोन सख्ख्या भावांच्या बांधाची मोजणी होती. धाकट्याच्या घरात चहाची पूड नव्हती. साहेब अर्धा कप घेऊन उन्हात उभे आहेत म्हटल्यावर धाकट्याची बायको शेवटी थोरल्या जावेच्या दारात गेली. तीन वर्षांत त्या दोघी बोलल्या नव्हत्या. ती मोजणी दुपारच्या आत आटोपली, आणि पुन्हा त्या बांधाचा अर्ज आला नाही.

ते भूमापन खात्यात मोजणीदार होते आणि मी मोहोळ तालुक्यात तलाठी. सत्तर सालानंतरची ती वर्षं. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, सिलिंगचा कायदा कडक झाला होता आणि मोठ्या बागायतदारांकडची जास्तीची जमीन काढून भूमिहीनांना वाटायचं काम तालुक्यात चाललं होतं. मोहोळला एकाच घरमालकाच्या दोन खोल्यांत आम्ही शेजारी राहत होतो. त्यांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखाला चिकटलेलं. घरात कानडी, कचेरीत मराठी. बायको-मुलं गावी, हे महिन्यातून एकदा जायचे. उंच, काटकुळे, डोक्याला टोपी, खिशात तपकिरीची डबी. साखळी मोजताना मात्र आकडे कानडीतच म्हणायचे. "वंद, येरड, मूर, नाक..." मी एकदा कारण विचारलं. "आईनं अंगणात चिंचोके मोजायला शिकवलं ते कानडीत. तिथं चूक झाली की ती टपली मारायची. मराठीत चुकलो तर मारायला कोण आहे?"

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला हा माणूस सहन होत नसे. पहाटे उठून खोलीपासून एस.टी. स्टँडपर्यंत पावलं मोजत जायचे आणि परत येऊन मला आकडा सांगायचे. दोन पावलं जास्त भरली की म्हणायचे, "काल नीट झोप झाली नाही." तालुक्याच्या कचेरीत कारकुनांशी त्यांचं पटत नसे. कुणी नकाशावर चहाचा कप ठेवला, तर कप उचलून सरळ खिडकीबाहेर रिकामा करायचे. सही मागायला आलेल्या माणसाला म्हणायचे, "उद्या या. आज झोपून बघतो." त्या 'झोपून बघतो'पायी कितीतरी कामं लांबायची आणि शिव्या मात्र आम्हा तलाठ्यांना बसायच्या.

रानात पाऊल टाकण्याआधी ते चपला काढायचे. सोलापूरकडची रानं, बाभळीचे काटे, ज्वारीची धसकटं, कडेनं करडईच्या ओळी. करडईचे काटे पोटरीला लागले की माणूस उड्या मारतो. हे शांतपणे चालायचे. देवळात जातात तसं काही त्यात नव्हतं. "पायाला काळी कुठं संपली आणि मुरूम कुठं लागला ते कळतं," म्हणायचे. "चपलेला काही कळत नाही." आणि त्यांच्या पिशवीत एक वही असायची, त्यात झाडं. कुठल्या गावच्या कुठल्या बांधावर कुठलं झाड, केवढं जुनं, कुठून किती अंतरावर. "दगड रातोरात चालतात भाऊसाहेब. झाड चालत नाही. फार तर मरतं. मेलं तरी मूळ तिथंच राहतं."

आणखी एक खोड म्हणजे कागद उन्हात वाचणं. चावडीत बसून ते कधी सातबारा बघत नसत. मला म्हणायचे, "घ्या तो दप्तराचा गठ्ठा आणि चला रानात." मग ज्या जमिनीचा कागद, त्या जमिनीवर उभं राहून, बायाबापड्यांना बोलावून, मोठ्यानं वाचायचे. पीकपाहणीत मी 'ज्वारी' लिहिलेलं असायचं आणि समोर तूर उभी असायची. मी घरात बसून रकाने भरतो, हे सगळ्या गावासमोर उघडं पडायचं. ते मला काही बोलत नसत. नुसतं "ज्वारी" असं म्हणायचे, तुरीकडं बघायचे आणि पुढचा रकाना वाचायला घ्यायचे. हसायचे ते गावातले.

आता त्या गावाचं सांगतो. मोहोळपासून सात-आठ मैलांवर, माझ्याच सज्जातलं, म्हणजे दप्तर माझ्याकडंच. तिथले मोठे बागायतदार, त्यांना सगळे तात्यासाहेब म्हणत. माणूस मऊ बोलायचा. कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. त्यांचा एक गट सिलिंगमध्ये सरकारजमा झाला. लांबट गट होता: वरच्या अंगाला माळ, दगडधोंडे, कुसळी गवत, खालच्या अंगाला ओढ्याकाठची काळीभोर पट्टी. तो चार भूमिहीन कुटुंबांना वाटायचा हुकूम आला. प्रत्येकाला वरपासून खालपर्यंत एकेक पट्टा. म्हणजे थोडा माळ, थोडी काळी.

ताबा देण्याचं काम माझं. मी ते चावडीत बसून केलं. चौघांना बोलावलं, ताबापावतीवर अंगठे घेतले, खाली लिहिलं, 'प्रत्यक्ष जागेवर जाऊन ताबा दिला.' त्या काळी सगळेच तसं करायचे. तालुक्याला आकडा जायची घाई असायची, तालुक्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून मुंबईला. अर्ध्या तासात मी चार कुटुंबांना जमीनमालक केलं आणि जेवायला घरी गेलो.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी पट्टे पाडायला मोजणीदार आले. पौष महिना. काळ्या पट्टीत ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसं भरलेली. चौघांपैकी एक होती शेवंताबाई. पन्नाशीची विधवा. नवरा तात्यासाहेबांच्याकडं सालगडी होता, तिथंच राबून मेला. ही त्याच रानात रोजानं खुरपायला जायची. मोजणीदारांनी तिला विचारलं, "बाई, तुमची जमीन कुठली?"

"कागदात हाय की," ती म्हणाली.

"कागदात कुठं?"

"घरात पेटीत ठिवलाय. आणू का?"

आजूबाजूचे हसले. मोजणीदार हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दप्तरात तोंड घातलं. ते एवढंच म्हणाले, "चला. पेटीतली जमीन जरा बाहेर काढू."

तात्यासाहेब स्वतः आले होते. त्यांनी हुरड्याची जय्यत तयारी केली होती. आगटी पेटलेली, गूळ, खोबरं, चटण्या. "मोजणीसाहेब, आधी दोन कणसं खा. आन उभ्या पिकात कशाला साखळी घालताय? ज्वारी निघू द्या, मग निवांत मोजा. आमी कुटं पळून चाललोय?"

मोजणीदारांनी चौघा भूमिहीनांकडं बोट केलं. "ह्यांच्याकडचा हुरडा कुठाय?"

"ह्यांच्याकडं कुटला हुरडा, साहेब? ह्यांना रान कुटं हाय?"

"तेच बघायला आलोय," मोजणीदार म्हणाले. "ह्यांचा हुरडा झाला की दोन्हीकडचा खातो." आणि त्यांनी चपला काढल्या.

गटाच्या कोपऱ्यावर हद्दीचा दगड होता. तिथून साखळी धरली. पीक मोडू नये म्हणून ते बांधाबांधानं फिरले. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी नकाशा उन्हात पसरून बसले. मग म्हणाले, "दगड चुकतोय." त्या दगडाप्रमाणं गट माळाच्या कडेलाच संपत होता. काळी पट्टी सगळी तात्यासाहेबांच्या शेजारच्या गटात जात होती. गटाचं क्षेत्र भरायचं तर वर गायरानात शिरावं लागत होतं. म्हणजे चौघांच्या वाट्याला नुसते धोंडे.

तात्यासाहेबांचे दिवाणजी म्हणाले, "दगड आजाच्या वेळचा हाय साहेब. कुणालाबी विचारा."

"विचारतो," मोजणीदार म्हणाले. आणि खरंच जमलेल्या पन्नासएक माणसांकडं वळून त्यांनी विचारलं, "ह्या दगडाला कुणी ओळखतं का?"

दगडाला ओळखतं का म्हणजे काय? लोक हसले. मी पण हसलो. मग माझं लक्ष शेवंताबाईकडं गेलं. ती हसत नव्हती. ती तात्यासाहेबांकडं बघत होती. ते तिच्याकडं बघत होते, नेहमीच्याच मऊ चेहऱ्यानं. तिचा मुलगा त्यांच्याकडंच सालानं होता. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"मी वळखते," ती म्हणाली.

ती पुढं होऊन दगडाजवळ आली.

"ह्यो हितला न्हाय. ह्यो तितं खाली वढ्याकडं हुता, करंजाखाली. दुपारच्याला समद्या बाया करंजाखाली पानी प्यायला जायच्या. म्या ह्या दगडावर खुरपं लावत हुते. लई साल. त्या अंगाला बघा, खाच पडलीया."

मोजणीदार गुडघे टेकून बसले. दगडाच्या मागच्या अंगाला माती लागली होती; त्यांनी बोटानं ती खरवडली. खाली करंगळीएवढी खाच होती, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली. त्यांनी हात मागं केला. शेवंताबाईनं कमरेचं खुरपं काढून त्यांच्या हातात दिलं. पात्याची कड त्या खाचेत बसली.

लोकांत कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, झालं, आता हे निकाल देणार. पण ते उठले, धोतराची माती झाडली आणि म्हणाले, "हे पुरेसं नाही."

शेवंताबाईचा चेहरा उतरला. तिनं केवढं पणाला लावलं होतं ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि हा माणूस म्हणतो पुरेसं नाही!

"बाई, दगड तुमच्या ओळखीचा आहे एवढं कळलं," ते म्हणाले. "पण तो होता कुठं, हे जमिनीनं सांगायला पाहिजे. तुम्ही सांगून चालणार नाही. उद्या तुम्हाला कुणीही खोटं पाडेल. जमिनीला कसं पाडतील?"

मग त्यांनी नव्यानं सुरुवात केली. शिवारात तीन खुणा होत्या ज्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं: शेजारच्या गावाच्या हद्दीवरचा जुना बुरूज, गाडीवाटेवरचा पूल आणि एक बांधीव विहीर. तिन्हींवरून मापं धरली. दुपार झाली, ऊन माथ्यावर आलं. "वंद, येरड, मूर..." एवढाच आवाज. शेवटी तिन्ही मापं ओढ्यापासून दहा-बारा पावलांवर, ज्वारीच्या कडेला, एका जागी येऊन मिळाली. तिथं करंजाचं एक कापलेलं खोड होतं, पालवी फुटू नये म्हणून वर दगड रचलेले. खोडाला लागूनच त्यांनी काठी रोवली. "खणा."

कोतवालानं कुदळ मारली. हातभर खणलं, नुसती काळी माती. दिवाणजी म्हणाले, "काय सोनं सापडतंय का?" आणखी अर्धा हात. कुदळीखाली काहीतरी करकरलं. कोतवालानं मूठ भरून वर काढली. कोळसा.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं; नंतर त्यांनी सांगितलं. जुन्या काळी पहिली मोजणी करणारे लोक हद्दीचा दगड रोवण्याआधी खड्ड्यात पाटीभर कोळसा ओतायचे. कोळसा कुजत नाही, वाळवी खात नाही आणि कुणी चोरत नाही. दगड हलवणाऱ्याला वरचा दगड दिसतो, खालचं काही दिसत नाही.

मोजणीदारांनी त्यातला एक खडा घेतला आणि तो जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवायला सुरुवात केली. "बघा. बघा. तुम्ही पण बघा." म्हातारे, बाया, दिवाणजी, मी. शेवटी तात्यासाहेबांसमोर उभे राहिले. क्षणभर वाटलं, ते वळून निघून जातील. पण त्यांनीही तळवा पुढं केला. मोजणीदारांनी खडा ठेवला, उचलून घेतला. तात्यासाहेब आपल्या काळ्या झालेल्या तळव्याकडं बघत राहिले. "कोळसा काय, कुणीबी पुरंल," ते हळू आवाजात म्हणाले. "कोर्टात बोलू."

तसंच झालं. त्यांनी सोलापूरला प्रांत अधिकाऱ्यांकडं हरकत घेतली. आणि इकडं गावात शेवंताबाईला खुरपणीला कुणी बोलावेना. मुलाचं साल मोडलं. ती रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागली. बाकीचे तिघं तिला म्हणायचे, 'तुझ्या खुरप्यानं आमचं बी काम गेलं.' मोजणीदार मोहोळहून आठवड्यातून एकदा त्या रस्त्यानं जायचे, दुसऱ्याच कुठल्यातरी मोजणीला. कामावर थांबून तिला विचारायचे, "बाई, कागद पेटीत आहे ना?" ती म्हणायची, "हाय की." ते निघून जायचे. एवढंच. पण तिनं मला नंतर सांगितलं की तेवढ्या एका प्रश्नावर ती आठवडा काढायची.

सुनावणीच्या आदल्या दिवशी माझी झोप उडाली. तात्यासाहेबांच्या वकिलाचा मुद्दा साधा होता: तलाठ्याची ताबापावती आहे, तीत जागेवर ताबा दिल्याचं लिहिलंय, म्हणजे ही मंडळी तेव्हा हद्द मान्य करून बसली; आता तक्रार कसली? माझ्याच कागदानं ती चार माणसं बुडणार होती. खरं सांगावं तर नोकरीवर बालंट. घरी आई-वडील, बहिणीचं लग्न ठरलेलं. संध्याकाळी मी मोजणीदारांच्या खोलीत गेलो. ते पायातले काटे काढत बसले होते.

"उद्या मी काय सांगू?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. "मला विचारू नका."

"तुम्ही नाही तर कुणाला विचारू?"

"मी सांगितलं आणि तुम्ही केलं, तर ते माझं होईल," ते म्हणाले. "मला ते नको. माझं मला बस्स आहे." आणि काटा काढून दिव्याजवळ धरून बघायला लागले. मला त्यांचा भयंकर राग आला.

सकाळी एकाच एस.टी.नं सोलापूरला गेलो. हे सगळा रस्ता माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते.

प्रांतांच्या समोर आधी त्यांना बोलावलं. वकिलानं विचारलं, "म्हणजे एका निरक्षर बाईच्या खुरप्यावर तुमची मोजणी उभी आहे?"

"नाही," ते म्हणाले. "खुरप्यावर माझी शंका उभी होती. मोजणी तीन खुणांवर उभी आहे. तुम्ही चला, पुन्हा मोजू. साखळी तुम्ही धरा."

"आणि कोळसा आधी कुणी पुरला नसेल कशावरून?"

"करंजाची मुळं त्या कोळशातून गेली होती, साहेब. मूळ वाढायला किती वर्षं लागतात ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मुळासकट एक तुकडा आणलाय." त्यांनी पिशवीतून फडकं काढलं आणि प्रांतांच्या टेबलावर सोडलं. बोटाएवढं मूळ आणि त्याला घट्ट धरून बसलेला कोळसा. प्रांत तरुण होते. त्यांनी तो तुकडा दोन्ही हातांनी उचलून पाहिला.

मग मला बोलावलं. "ताबा जागेवर दिला होता का?"

मागं शेवंताबाई भिंतीला टेकून बसली होती. मोजणीदार खिडकीबाहेर बघत होते. बहुतेक समोरच्या झाडाचं वय काढत असावेत.

"नाही साहेब," मी म्हणालो. "चावडीत अंगठे घेतले. जमीन कुठं आहे ते त्या दिवशी मलाच माहीत नव्हतं."

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की बाहेर आलो तेव्हा मोजणीदारांनी तपकिरीची डबी माझ्यासमोर धरली. आयुष्यात पहिल्यांदा तपकीर ओढली. सात शिंका आल्या. ते मोजत होते, कानडीत. "येळ," ते म्हणाले, "सरी. बरोबर झालं." त्यापलीकडं माझ्या साक्षीबद्दल ते कधीही, मरेपर्यंत, एक शब्द बोलले नाहीत. माझ्या सेवापुस्तकात लाल शाईचा शेरा बसला. त्यांची बदली झाली, पार दुसऱ्या जिल्ह्यात. बदलीचा हुकूम घेऊन ते कचेरीतून बाहेर आले आणि म्हणाले, "तिकडं सागवान आहे म्हणतात. वहीत सागवान नव्हतं."

तिकडून ते निवृत्तीआधी दोन वर्षं सोलापुरात परत आले. तेव्हाची एक गोष्ट. गरीब देशांत जमिनीचं वाटप कसं चालतं याचा अभ्यास करायला एक परदेशी पाहुणे आले होते. सोबत मुंबईचे दोन अधिकारी. विश्रामगृहात तक्ते लावले होते. जिल्ह्यात किती जमीन वाटली, किती कुटुंबांना, सगळं रंगीत खडूनं. पाहुण्यांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या मोजणीदारांना विचारलं, एक एकर जमीन द्यायला किती वेळ लागतो? अधिकाऱ्यानं मराठीत सांगितलं. हे म्हणाले, "मोजायला एक सकाळ लागते साहेब. कायदा झाल्यापासून मोजायला निघायलाच चौदा वर्षं गेली." अधिकाऱ्यांनी इंग्रजीत काय सांगितलं कुणास ठाऊक. पण पाहुण्यांनी तक्त्यांकडं पाठ फिरवली आणि यांना विचारलं, मला एखादं शेत दाखवाल? मोजणीदारांनी त्यांना भर उन्हात बूट काढायला लावले. मुंबईचे अधिकारी गाडीत बसून राहिले.

ते निवृत्त झाल्यावर मी एकदा त्यांच्या गावी गेलो होतो. घरामागं त्यांचं वडिलोपार्जित रान. थोरला भाऊ कसायचा. मी सवयीनं बांधाकडं पाहिलं आणि दचकलो. भावानं चांगला चार हात बांध सरकवला होता. माझ्यासारख्यालाही दिसत होतं. "हे तुम्हाला दिसत नाही?" मी विचारलं. ते ओशाळले. मी त्यांना ओशाळलेलं तेवढंच एकदा पाहिलं. "दिसतं की. पण साखळी काढली तर वैनी जेवायला वाढायची नाही. आईच्या हाताची चव तिच्याच हाताला आहे." जन्मभर ज्यानं अर्धा कप चहादेखील तोलून घेतला, त्या माणसानं स्वतःची चार हात जमीन वैनीच्या आमटीला देऊन टाकली होती. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. पुढं चार-पाच वर्षांनी त्यांच्या मुलाचं पत्र आलं, वडील गेले म्हणून. पत्रासोबत झाडांच्या वह्या पाठवल्या होत्या. कुणाला द्याव्यात हे मला अजून कळलेलं नाही.

पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते चैत्रातल्या त्या सकाळी. प्रांतांचा हुकूम झाला होता: हद्द कोळशावरून धरावी, चौघांना जागेवर ताबा द्यावा. मोजणीदारांच्या बदलीची तारीख दोन दिवसांवर आली होती. ज्वारी निघून गेली होती, काळी पट्टी मोकळी पडली होती, भेगाळलेली. माझे वरचे अधिकारी सर्कलसाहेब आले होते, पोलीसपाटील होते, पंच होते. तात्यासाहेब आले नाहीत, दिवाणजींना पाठवलं. मोजणीदारांनी चारी पट्ट्यांना दगड लावले आणि प्रत्येकाला आपापल्या पट्ट्याच्या चारी कोपऱ्यांवरून चालायला लावलं. तिघं भराभरा चालून आले. शेवटी शेवंताबाई. ती हळू चालली. माळाच्या कडेनं वर गेली, दिसेनाशी झाली, पुन्हा ओढ्याकडून खाली आली. येऊन आमच्यासमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर घामानं भिजला होता.

"साहेब, आता काय करू?" तिनं विचारलं.

"काय करायचं ते करा," मोजणीदार म्हणाले. "तुमचीच आहे."

तिनं इकडं-तिकडं पाहिलं. मग दिवाणजींकडं पाहिलं. मग रानाच्या मधोमध गेली आणि खाली बसली. पाय लांब करून, हात मागं टेकून.

आम्हाला काही कळेना. सर्कलसाहेब म्हणाले, "काय झालं बाई? चक्कर आली का?"

"न्हाय वो," ती म्हणाली. "तीस साल ह्या रानात राबले. दिस बुडंस्तवर वाकून. हितं बसायची सोय नव्हती. बसलं की दिवाणजी वरडायचं, उठ म्हणून."

दिवाणजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले.

ऊन चढत होतं. सर्कलसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि मला म्हणाले, "भाऊसाहेब, घ्या बाईंचा अंगठा. पंचनामा उरकून टाका, मला अजून दोन गावं करायचीत." मी शाईचा पॅड काढला आणि तिच्याकडं निघालो.

मोजणीदारांनी माझा दंड धरला. "थांबा," ते म्हणाले. "बाई बसल्यात."

मी थांबलो. सर्कलसाहेब थांबले, पंच थांबले, दिवाणजी थांबले. सावली कुठंच नव्हती. त्या भेगाळलेल्या रानात आम्ही सगळी सरकारी माणसं उन्हात ताटकळत उभी होतो, आणि शेवंताबाई बसली होती.